सेमी-सॉफ्ट लेन्स कुणाला द्यायची? नुसत्या नंबरावर ठरवू नका

ऑप्टोम_मिरज: कालच्या एका पोस्टमध्ये ठोकून दिलंय, 'सिलिंडर (चष्म्याचा तिरका नंबर) दोनच्या वर गेला की थेट सेमी-सॉफ्ट, टोरिकवर (सिलिंडरच्या सॉफ्ट लेन्सवर) पैसे घालवू नका.' अहो, सिलिंडर आहे कुठे ते आधी बघा! बुबुळावर (कॉर्नियावर) असेल तर आरजीपीखाली, म्हणजे सेमी-सॉफ्ट लेन्सखाली, साचणारं अश्रूंचं पाणी तो भरून काढतं. आतल्या भिंगात असेल तर साधी आरजीपी घालूनही तो तसाच राहतो. के-रीडिंग (बुबुळाच्या वक्रतेचं माप) आणि चष्म्याचा नंबर शेजारी ठेवा, लगेच कळेल. केराटोकोनस (बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येणं), बुबुळरोपण झालेले डोळे, लॅसिकच्या (नंबर घालवायच्या लेसर) ऑपरेशननंतर पुढे आलेलं बुबुळ, इथे आरजीपीला तोड नाही. पण लग्नकार्यापुरती लेन्स मागणाऱ्याला ती देऊ नका. अधूनमधून घातली तर डोळा सरावतच नाही.

तेजू_सोलापूर: या असल्या चाळणीनेच माझ्या भावाचं बारावीचं वर्ष गेलं. केराटोकोनस होता, चष्म्याने फळा दिसत नव्हता, तरी 'कबड्डी खेळतो, लेन्स पडेल' म्हणून परत पाठवला. दुसरीकडे ट्रायल लेन्स घातली आणि पोरगा ६/९ ची ओळ वाचायला लागला.

ऑप्टोम_मिरज: केराटोकोनसला अडवा असं मी कुठे लिहिलंय? नीट वाचा.

नगरचा_फिटर: धुळीबद्दल कुणी बोलतच नाही. माझं काम ग्राइंडिंगवर, येणंजाणं बाइकवर. लेन्स बुबुळापेक्षा लहान, कण खाली शिरला की गाडी बाजूलाच घ्यावी लागते. सॉफ्ट लेन्सला हा त्रास एवढा नव्हता.

तेजू_सोलापूर: मग गॉगल लावायचा.

नगरचा_फिटर: ताई, मे महिन्यात गॉगलवर हेल्मेट घालून एमआयडीसीच्या रस्त्याने या, मग सांगा. रस्त्यात लेन्स काढून बाटलीतल्या पाण्याने धुवावी लागते.

मनीषा_ठाणे: थांबा, पाण्याने?? अजिबात नको! पाण्यातल्या अकँथअमिबा नावाच्या सूक्ष्मजीवाने माझ्या भाचीचं बुबुळ पोखरलं. किती महिने औषधं घातली, पांढरा डाग राहिलाच. 'कडक लेन्स आहे, पाणी चालतं' असं दुकानदारानेच सांगितलं होतं.

तेजू_सोलापूर: पूर्वी डॉक्टरच नळाखाली धुवायला सांगायचे.

मनीषा_ठाणे: पूर्वी सांगायचे म्हणून आज डोळा घालवायचा? काहीही काय बोलता!

ऑप्टोम_मिरज: मनीषाताईंशी शंभर टक्के सहमत. लेन्स धुवायचं सोल्यूशन जवळ बाळगणार नाही, हात धुणार नाही, त्याचा नंबर कितीही योग्य असो, मी लेन्स देत नाही. फिटरभाऊ, तुमचं बुबुळ ओबडधोबड नसेल तर टोरिकच बरी. असेल तर स्क्लेरल लेन्स बघा. ती पांढऱ्या भागावर टेकते, कण सहसा खाली जात नाही.

तेजू_सोलापूर: धुळीचं मान्य, पाण्याचंही. पण ट्रायल न घालताच 'जमणार नाही' म्हणणं मला कधीच पटणार नाही. सुरुवातीला टोचतं म्हणून नाकारू नका. अर्धा तास बसू द्या, पाणी गळायचं थांबू द्या, मग ठरवा.

ऑप्टोम_मिरज: बरं, ट्रायल सगळ्यांना. फक्त डोळे चोळणाऱ्यांना आधी ॲलर्जीचं औषध. चोळण्याने केराटोकोनस आणखी बिघडतो.

नगरचा_फिटर: आणि स्क्लेरलचे पैसे? ते परवडणार का, हे कोण विचारणार?