मदत हवी आहे: जुन्या जीपच्या टँकवरचा सेंडर सील होत नाहीये

मंडळी, गाडी महिंद्रा सीजे-३बी, पेट्रोल, टँक ड्रायव्हर सीटखालीच. फ्युएल गेजचा सेंडर (टाकीतल्या तरंगत्या फ्लोटवरून पेट्रोलची पातळी गेजला कळवणारा भाग) नवीन बसवलाय, रीडिंग व्यवस्थित येतंय, फ्लोट कुठे अडकत नाही. पण टँक फुल्ल केला की सेंडरच्या पाच स्क्रूंच्या आजूबाजूला पेट्रोल पाझरतं, अर्ध्या टाकीवर कोरडं असतं पण घाटात चढावर परत वास सुरू, आणि सीटखाली पेट्रोल म्हणजे गंमत नाही.

सेंडरसोबत आलेलं कॉर्कचं गॅस्केट लावून बघितलं, मग कॉर्क बदलून नायट्राइल रबरचं लावलं, फरक थोडाच. सेंडरची फ्लँज (टँकवर टेकणारी चकती) काचेवर ठेवून चेक केली, सपाट आहे. टँकला क्रॅक नाही, स्क्रूचे आटे पण चांगलेत. साधं सिलिकॉन सांगू नका, ते पेट्रोलमध्ये फुगून सुटतं.

मला वाटतं स्क्रूची भोकं आरपार टँकमध्ये जातात म्हणून आट्यांतूनच येतंय. तर स्क्रूखाली तांब्याचे वॉशर लावू की फायबरचे? आट्यांना आणि गॅस्केटला ई२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलमध्ये टिकेल असं कुठलं सीलंट वापरता? आणि सेंडरला अर्थिंग त्याच स्क्रूंतून मिळतं, मग सीलंट लावल्यावर वेगळी अर्थ वायर ओढावी लागेल का?