‘समान’ की ‘एकरूप’?

अर्धविराम: एका महिला मंडळाच्या माहितीपत्रकाचा अनुवाद करतेय. राज्यघटनेचं कलम ४४ (लग्न, वारसा वगैरेंसाठी सगळ्या धर्मांना एकच कायदा) आलं तिथे सवयीने ‘समान नागरी कायदा’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी लाल पेनाने त्याचं ‘एकरूप नागरी संहिता’ केलं. घटनेची मराठी प्रत काढून पाहिली, बाई बरोबर आहेत. पण वाचणाऱ्या बायकांना ‘एकरूप’ म्हटलं की हरिपाठ आठवणार! काय ठेवू?

जुनापाटीवाला: ‘समान’च. समाजसुधारक हमीद दलवाईंनी १९६६ साली सात मुस्लिम बायकांना घेऊन याच मागणीसाठी विधानभवनावर मोर्चा नेला, तेव्हापासूनची आमच्या कानाची सवय आहे.

शेवगा: सवय राहू द्या, अर्थ वेगळे आहेत. १९५६चा हिंदू वारसा कायदा मुंबईपासून बंगालपर्यंत बऱ्यापैकी एकरूप. पण वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्माने वाटेकरी नव्हती, म्हणजे समान कुठे होता? महाराष्ट्रात तिला ते १९९४ला मिळालं, देशभर २००५ला. उलट, प्रत्येक धर्माने आपापल्या कायद्यात बाईला बरोबरीचा हक्क दिला तर तो समान होईल, एकरूप नाही. भांडण नेमकं कशासाठी आहे ते ठरवा, मग शब्द.

काजूबी: गोव्यातून. आमच्याकडे १८६७चा पोर्तुगीज कायदा सगळ्या धर्मांना. लग्नाआधी काही वेगळं लिहून ठेवलं नसेल तर नवऱ्याच्या मिळकतीत बायको निम्म्याची धनी. आजोबा गेले तेव्हा आजीची सही नसल्यामुळे भाटाचा, म्हणजे बागायतीचा, व्यवहार दोन वर्षं अडला होता. एवढं असून १८८०च्या हुकुमात फक्त हिंदू पुरुषाला दुसऱ्या लग्नाची फट ठेवलीय: बायकोला पंचविशीपर्यंत मूल नसेल किंवा तिशीपर्यंत मुलगा नसेल तर. आता याला एकरूप म्हणायचं की समान?

विधिज्ञ_नाही: ‘कायदा’ मुळात अरबी. ‘विधी’ म्हणा. पर्सनल लॉ, म्हणजे ज्याच्या त्याच्या धर्माचा लग्न-वारशाचा कायदा, तो ‘स्वीय विधी’.

जुनापाटीवाला: ‘स्वीय’ म्हटलं की मला मंत्र्याचा पीए दिसतो. आणि ‘विधी’ म्हटलं की दहावा-तेरावा.

मुळाक्षर: ‘संहिता’ मात्र चपखल आहे हं. सम् + हित, जवळ आणून ठेवलेलं. पाणिनीच्या व्याकरणात वर्णांच्या अगदी निकट येण्याला संहिता म्हणतात.

शेवगा: आणि निकट आले की संधी होऊन एकाचा लोप. लोकांना भीती त्याचीच आहे ना!

काजूबी: माझ्या भाचीने विचारलं, नागरी कायदा फक्त शहरात का? तिला ‘नागरी सहकारी बँक’ तेवढी ठाऊक.

मुळाक्षर: हिंदीवाले ‘नागरिक संहिता’ म्हणतात, तिथे हा घोळ नाही.

जुनापाटीवाला: हिंदी आणू नका इथे. आमची आजी ‘हिंदू कोड बिल’ ऐकून म्हणायची, अंगावर कोड असलेल्यांसाठी सरकारने बिल काढलंय.

विधिज्ञ_नाही: तो ‘कोड’ कुष्ठवरून. कोडं वेगळं.

मुळाक्षर: कोड कुष्ठवरून, मान्य. कोडं कशावरून, ते सांगा.

अर्धविराम: पत्रक उद्या छापायला जातंय हो…

विधिज्ञ_नाही: ‘कूट’वरून. स्पष्ट आहे.

मुळाक्षर: अजिबात स्पष्ट नाही.