नाथसागरावरची गाळपेर बंद करावी का?

गोदाकाठचा:
परवा पैठणहून नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठाकाठानं फिरलो. पाणी बरंच उतरलंय आणि उतरल्या उतरल्या नांगर फिरलाय, पार पाण्याच्या कडेपर्यंत. हीच गाळपेर, पाणी उतरून उघड्या पडलेल्या गाळात पीक पेरायचं. 1986 पासून हे पक्षी अभयारण्य आहे राव! धरण बशीसारखं उथळ, हातभर पाणी उतरलं की काठ लांब सरकतो आणि जो चिखल उघडा पडतो तेच तुतारी, शेकाट्या, चक्रवाक ह्या पक्ष्यांचं ताट. त्यात आपण हरभरा पेरतो. जांभळ्या पाणकोंबड्या राहायच्या ते पाणकणसाचं (उंच पाणगवताचं) बेट पण पेटवलेलं दिसलं. माझं मत सरळ आहे, गाळपेर बंद.

धरणग्रस्त_पोरगा:
बंद म्हणायला काय जातंय. ह्या पाण्याखाली आमच्या आज्याचं रान हाय, 1976 ला धरण झालं, काळी जमीन गेली अन् आता चार महिने उघडी पडती तर तीबी पेरू नको? अन् तुमचे पट्टकादंब, ते हंसावाणी पक्षी, पाण्यात कमी अन् आमच्या हरभऱ्यात जास्त असतेत, थवाच उतरतो, शेंडे खुडून सकाळपर्यंत रान साफ. हिमालय ओलांडून आले म्हणून तुम्ही फोटो काढायलेत, आम्ही रातभर डबडं वाजवत बसायलाव. एकदा जागलीला या की!

पाणकावळा:
अर्धं पटलं. कादंब चरणारा पक्षी, त्याला कोवळं पीक चालतं, पण तुतारीला चिखलातले किडे लागतात, ते हरभऱ्यात कुठून येणार. माझा खरा राग फवारणीवर आहे. पावसाळ्यात पाणी चढलं की ते सगळं औषध धरणात, आणि तेच पाणी संभाजीनगर, जालना पितंय (मी पण). पेरा, पण पाण्यापासून पन्नास पावलं सोडून आणि बिनफवारणीचं.

धरणग्रस्त_पोरगा:
पन्नास पावलं कुठून मोजायची भाऊ? पाणी रोज मागं सरकायलंय. आज सोडलेली पट्टी पंधरा दिवसांनी कोरडी ठक्क, तुमचा पक्षी तवर पुढं गेलेला. औषधाचं मात्र मान्य, घाटेअळी पडली की लोक अंदाजानं मारतेत, डब्यावरचं वाचत कोण नाही.

गोदाकाठचा:
पट्टी सरकती म्हणूनच म्हणतो, कडेला नांगरच नको, म्हणजे चिखल आपोआप सुटत राहील. बाकी कादंबानं खाल्लेल्या पिकाची भरपाई मिळावी, त्यात वाद नाही. पण पाणकणीस कुणी पेटवलं ते तरी सांगा.

धरणग्रस्त_पोरगा:
आम्ही नाही. मासेवाले म्हणतेत तेबी नाहीत. मोटारीच्या पाइपाला आडवं यायलं होतं, एवढं खरं.