नुसता कर भरून घर आपलं होत नाही

एकांनी लिहिलंय की अमेरिकेत ओसाड घराचा थकलेला कर भरला की ते आपल्या नावावर होतं. कृपया या भरवशावर पैसे घालू नका. तिथल्या काही राज्यांत थकलेल्या करापायी होणाऱ्या लिलावात घर मिळतच नाही, थकबाकी वसूल करण्याचा हक्क तेवढा मिळतो. टेक्सासात घराचा ताबा मिळतो, पण ते मूळ मालकाचं राहतं घर असेल तर तो २ वर्षांत दंडासह पैसे भरून सोडवून घेऊ शकतो. तोवर नवं छप्पर, नवं स्वयंपाकघर यांत हात घालू नका.

आणि दारात साठलेली पाकिटं, वाढलेलं गवत पाहून 'मालक नाही' असं धरू नका. बरेचदा म्हातारं माणूस आजारी असतं, किंवा वारसांची नावं चढलेली नसतात. मी तर आधी वारस शोधून थेट त्यांच्याशीच बोलेन.