मदत हवी आहे: इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकची मूक संमती कोणी समजावेल का?
नमस्कार मंडळी, वाशीत राहतो, सिडकोची जुनी बिल्डिंग. भाची टीवायबीएला आहे, सोमवारी तिचं जॉन लॉकवर प्रेझेंटेशन आहे आणि मामा म्हणून मी उगाच मध्ये पडलोय. लॉकचं १६८९ चं म्हणणं असं की जीव, स्वातंत्र्य, मालमत्ता हे हक्क सरकारच्या आधीचे आणि सरकार चालतं ते लोकांच्या संमतीने, इथपर्यंत ओके, पण पुढे तो म्हणतो की राज्यातल्या रस्त्यावरून नुसतं गेलात तरी तुमची मूक संमती धरली जाते! म्हणजे मी पाम बीच रोडवर गाडी काढली की झाली सही? स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये हेच पकडलं, म्हणाला हे म्हणजे झोपेत जहाजावर आणून टाकलेला माणूस, सुटायचं तर समुद्रात उडी, आता ही कसली संमती. आमच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटला ५१ टक्के झाले की बाकीचे गप्प, पण तिथे निदान मीटिंगमध्ये भांडता तरी येतं (वर समोसा). तर लॉकच्या बाजूने ह्यूमला कोणी नीट उत्तर दिलंय का? आणि महात्मा फुल्यांनी ‘राइट्स ऑफ मॅन’वाला थॉमस पेन वाचला होता ना, मग त्यांच्या लिखाणात माणसाच्या हक्कांबद्दल नेमकं कुठे वाचायचं? रविवारपर्यंत सांगा प्लीज, भाची डोकं खातेय.