मदत हवी आहे : घरातून जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री सुरू करायची आहे

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्यात राहते. मे महिन्यात नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. घरातूनच जुन्या वस्तू घेण्या-विकण्याचा व्यवसाय करायचं मनात आहे. थोडं सविस्तर लिहिते, कारण परवाना आणि कर यांच्यापलीकडे माझा एक प्रश्न आहे आणि तो मला जास्त छळतोय.

चार वर्षांपूर्वी वाईचा आमचा माहेरचा वाडा उतरवला. माळ्यावरून तांब्याचा बंब, दोन घंगाळं, कडीचे डबे, पानाचा डबा, अडकित्ते असं बरंच निघालं. भावंडं सगळी फ्लॅटमध्ये, ठेवायला जागा कुणाकडेच नाही. भंगारवाला आला, त्यानं काटा लावला. बंब साडेनऊ किलो भरला, सहा हजार हातात आले. तेव्हा सगळ्यांना बरंच वाटलं. पुढच्या वर्षी पुण्यात एका दुकानात तोच बंब दिसला. तोच म्हणते, कारण पणजोबांचं नाव त्यावर ठोकून घातलेलं होतं. आतली नळी काढून त्याचा मोठा दिवा केला होता. किंमत अठ्ठावीस हजार. नावावरून बोट फिरवलं आणि बाहेर आले.

आमच्याकडे वाई, मेणवली, फलटण या बाजूला दर महिन्याला एखादं जुनं घर रिकामं होतंय. त्यातलं निम्मं सामान मोडीत जातं. बंबाचा दिवा झाला तरी तो बंब निदान दिसतो, भट्टीत गेलेली समई पुन्हा दिसत नाही. भट्टीत जायच्या आधी या वस्तू उचलायच्या, एवढीच माझी कल्पना आहे. चाळीस हजार बाजूला काढलेत, वरची खोली रिकामी आहे, ओळखीपाळखीतून अकरा वस्तू विकूनही झाल्या.

आता प्रश्न.

मागच्या महिन्यात एका आजींकडे गेले होते. वय ऐंशीच्या पुढे, एकट्या राहतात. त्यांच्याकडे साखळीचा लामणदिवा होता, वर हंस. म्हणाल्या, "तुला काय द्यायचं ते दे बाई." मोडीचा भाव त्यांना ठाऊक होता, त्याच्या वरचं काही नाही. मी मोडीच्या दुप्पट दिले. त्यांनी चहा केला, जाताना हातावर साखर ठेवली. तो दिवा मी घेतल्याच्या चौपटीला विकू शकेन अशी माझी खात्री आहे. म्हणूनच तो अजून कपाटात आहे. विकायला हात होत नाही.

या धंद्यात कमाई मुळात समोरच्याला किंमत माहीत नसण्यावर असते का? खरेदीचा भाव लावायची सरळ पद्धत काय? वर्षानुवर्षं हे करणाऱ्यांनी कृपया सांगा.

बाकीचे प्रश्न असे. शंभर वर्षांच्या वस्तूंचा कायदा नेमका काय? अमेरिकेतली मावसबहीण समया मागतेय, पाठवू शकते का? जीएसटी कधी लागतो? आणि एका गृहस्थांनी ईस्ट इंडिया कंपनीचं रामदरबाराचं नाणं आणलंय, १८१८ सालचं. पन्नास हजार सांगतायत. घ्यावं का?

नाणेसंग्राहक :
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्यात पैसे अडकतील. ते नाणं घेऊ नका, पाचशेलाही नाही. कंपनीनं राम किंवा हनुमान असलेली अशी नाणी चलनासाठी कधी पाडलीच नाहीत. संपूर्ण हिंदुस्थानाला एकसारखी नाणी कंपनीनं १८३५ पासून दिली. १८१८ लिहिलेले हे तुकडे नंतर कुणीतरी पाडलेले आहेत, देवस्थानांच्या बाहेर ढिगानं मिळतात.

व्हिक्टोरियाचा रुपया येईल तेव्हा आधी काट्यावर ठेवा. दोन दशांश दाखवणारा छोटा काटा घ्याच. पूर्ण वजन ११.६६ ग्रॅम, वापरून झिजलेला असेल तर किंचित कमी. दहा ग्रॅम भरला तर परत द्या. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच आहे, त्यामुळे "चांदीचा रुपया" म्हणून सरसकट एक भाव लावू नका. शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, तर आजकाल ताज्या पाडून, मातीत पुरून आणल्या जातात. सुरुवातीची दोन वर्षं शिवराईच्या वाटेला जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि नाणं धुऊ नका. चिंच, लिंबू, पितांबरी, काहीच नाही. वरचा काळा-तपकिरी थर गेला की संग्राहक ते हातात धरत नाही.

एक सावधगिरी : तुमचा नंबर जाहिरातीत आला की "ट्रॅक्टरची पाचाची नोट लाखांना घेतो, आधी कमिशन भरा" असे फोन येतील, रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून. आपण असल्या व्यवहारात नसतो, असं बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय.

कसबेकर :
ताई, कायद्याचं सांगतो. १९७२ चा पुरावस्तू कायदा, लागू झाला १९७६ ला. शंभर वर्षं पूर्ण झालेली मूर्ती, चित्र, नाणं, कारागिरीची वस्तू ही पुरावस्तू. हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षंच पुरे. पुरावस्तूंचा धंदा करायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो, घरातून केला तरी लागतो. दगडाच्या, धातूच्या मूर्ती आणि चित्रं अशा काही प्रकारांची मालकानं नोंदणीही केलेली असावी लागते. परवाना हातात येईपर्यंत साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या वस्तूंवर राहा. कंदील, इनॅमलच्या पाट्या, बरण्या, रेडिओ, कॅमेरे यांनाही चांगलं गिऱ्हाईक आहे.

परदेशी पाठवायचं तर पुरावस्तू कुणाही खाजगी माणसानं पाठवायला बंदीच आहे. वस्तू तेवढी जुनी नसेल तर ती पुरावस्तू नाही असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घ्या, मगच मावसबहिणीला समया पाठवा.

हस्तिदंताची फणी, सांबरशिंग, वाघनखाचं लॉकेट कुणी फुकट दिलं तरी घरात ठेवू नका, वन्यजीव कायदा आहे. पाया खणताना सापडलेलं काही आलं तरी हात लावू नका. १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानं ते कलेक्टरला कळवावं लागतं.

नजर तयार करायची असेल तर पुण्यात शुक्रवार पेठेतलं केळकर संग्रहालय चार-पाच वेळा बघा. दिवे आणि अडकित्त्यांपाशी एक अख्खी सकाळ घालवा. मग तिथल्याच तांबट आळीत जा, मठारकाम (भांड्यावर हातोडीनं ठोके पाडणं) डोळ्यांनी बघा. हाताच्या ठोक्यांत बारीक फरक असतो. जुन्या हंड्यात पत्र्याचे दातेरी सांधे दिसतात. हे एकदा डोळ्यांत बसलं की मुरादाबादहून काळा रंग चढवून आलेलं पितळ लांबूनच कळतं. बुधवारी आणि रविवारी पुण्यात जुना बाजार भरतो, तिथेही जा. पहिले काही आठवडे पाकीट घरी ठेवून जा.

हिशेबनीस :
जीएसटीचं थोडक्यात. नुसती वस्तूंची विक्री आणि तीही राज्यातल्या राज्यात असेल तर वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर माल विकायला लागलात की नोंदणी आली, ही गोष्ट कुरिअर करताना लोक विसरतात. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला, खरेदीवर इनपुट क्रेडिट (खरेदीत भरलेल्या कराची वजावट) घेतलं नसेल तर, कर फक्त विक्री आणि खरेदीच्या फरकावर लागतो. पण तो फरक दाखवायला खरेदीचा कागद हवा. पहिल्या दिवसापासून वही ठेवा.

वडिलांचं दुकान :
ताई, तुमचा पहिला प्रश्न वाचून लिहायला बसलो. आमचं दुकान होतं, वडिलांनी तीस वर्षं चालवलं. ते म्हाताऱ्या माणसाकडून वस्तू एकाच भेटीत कधी घेत नसत. पहिल्या भेटीत बघायची, फोटो काढायचा, आणि "बाजारात एवढ्याला जाईल असं वाटतं" हे तोंडावर सांगायचं. आठ दिवसांनी परत जायचं. काही वस्तू त्यामुळे हातच्या गेल्या. पण त्या घरांतून पुढच्या पिढीनंही आम्हालाच बोलावलं.

भाव दोन प्रकारे लावता येतो. एक, रोख खरेदी. अंदाजे विक्रीची किंमत धरा, त्यातून कल्हई, डागडुजी, गाडीभाडं वजा करा, उरलेल्याचे निम्मे द्या. निम्मे जास्त वाटतील, पण वस्तू दोन वर्षं पडून राहिली तर ती जोखीम तुमची, आणि ती त्या दुसऱ्या निम्म्यात धरलेली आहे. दुसरा प्रकार, वस्तू पावतीवर ठेवून घ्यायची, विकली की तिसरा हिस्सा आपला, बाकी मालकाचा. भारी वस्तूला हाच बरा, तुमचे चाळीस हजारही अडकत नाहीत.

तुम्हाला किंमत कळते ती तुम्ही शिकलात म्हणून, आणि त्या शिकण्याचे पैसे घेण्यात काही गैर नाही. आजींना आकडा न सांगता घेतलंत, तेवढंच तुम्हाला टोचतंय. ते अजून सांगता येईल.

आणि भांड्यावरची नावं बफिंगच्या चाकावर घालवू नका. दुकानदार "गिऱ्हाइकाला दुसऱ्याचं नाव नको असतं" म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. नाव, गाव, कधी शके घातलेलं असेल तर वस्तू कुठली, केव्हाची, हे तिथेच कळतं.

मूळ प्रश्नकर्ती :
सगळ्यांचे मनापासून आभार. नाणं परत केलं. वही घातली.

कालच आजींकडे जाऊन आले. दिवा कितीला जाईल ते सांगितलं. म्हटलं, एक तर विकल्यावर दोन हिस्से तुमचे, नाहीतर दिवा परत घ्या, पैसे राहू देत. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, मुलाला विचारून रविवारी सांगते. तोवर दिवा माझ्याकडेच आहे.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. पावतीत काय काय लिहायचं? आणि दिव्याच्या साखळीची एक कडी तुटलीय, डाग देऊन (धातू वितळवून) जोडून घेऊ का?

वडिलांचं दुकान :
पावतीत तारीख, मालकाचं नाव-पत्ता, ओळखपत्राची प्रत, वस्तूचं वर्णन, वजन, दोन फोटो, ठरलेला हिस्सा, किती महिन्यांत विकली नाही तर परत, आणि "वस्तू माझ्या मालकीची आहे" या ओळीखाली मालकाची सही. उद्या चोरीचा माल निघाला तर हाच कागद कामाला येईल. मूर्ती किंवा देवाचा टाक असेल तर घरातल्या आणखी एकाची सही घ्या, देवावरून नंतर भांडणं होतात.

कडीला डाग देऊ नका. रविवारपर्यंत दिवा आजींचाच आहे. त्यांनी विका म्हटलं तरी तांबट आळीतून तशीच कडी करून घाला, आणि तुटलेली चिठ्ठीसकट दिव्यासोबत द्या.