मदत हवी आहे: प्राधिकरणाऐवजी अधिकाऱ्याच्या सहीचा आदेश चालतो का?

वाघोलीच्या आमच्या रखडलेल्या प्रकल्पाची तक्रार रेरा (घरबांधणी प्रकल्पांचं नियमन करणाऱ्या) कायद्याखाली त्याच्या नियामक प्राधिकरणाकडे केली आहे. त्यावर बिल्डरकडून कागदपत्रं मागवणारा कलम ३५ चा आदेश निघाला. खाली सही एका अधिकाऱ्याची, 'प्राधिकरणाच्या वतीने' असा शिक्का. झालं! बिल्डरचा वकील म्हणतो, हा अधिकार प्राधिकरणाचा, म्हणजे अध्यक्ष आणि सदस्यांचा. कर्मचाऱ्याच्या सहीला किंमत नाही.

मी कायदा वाचला. कलम ८१ नुसार प्राधिकरण लेखी आदेशाने आपले अधिकार सदस्याला, अधिकाऱ्याला किंवा अन्य कोणालाही सोपवू शकतं; फक्त कलम ८५ खालचे विनियम करण्याचा अधिकार सोडून. सर्वोच्च न्यायालयाने न्यूटेक या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात (२०२१) याच कलमाखाली एकट्या सदस्यापुढची सुनावणी वैध ठरवली. पण तो सदस्य होता, अधिकारी नव्हे. माझी गाडी तिथेच अडली आहे.

जाणकारांनी सांगावं: मूळ निर्णय प्राधिकरणाचा आणि अधिकाऱ्याने नुसता कळवला असेल, तर कलम ८१ चा आदेश लागतो का? आणि तो आदेश कोणी माहिती अधिकारात मिळवलाय का? असल्यास अर्जात नेमकं काय लिहिलंत? (वकील करा हे सांगू नका, फी ऐकून आलोय.)